कडी अडकली नव्हती

आत्या, कडी अडकली नव्हती.

हे मी तुला तुझ्या हयातीत एकदाच म्हणाले होते आणि तू मला पुढं बोलू दिलं नाहीस. आता तू नाहीस. जलदान विधी झाला, मांडववाला खुर्च्या घेऊन गेला, आणि मी तुझ्या खोलीत तुझ्याच पलंगावर बसून हे लिहिते आहे. आता मला मध्येच तोडणारं कुणी नाही. पण खरं सांगू? तू तोडणार नसशील तर बोलण्यात जोरच येत नाही. मला तुझ्याशी भांडायची सवय आहे, एकटीनं बोलायची नाही.

तू कोण होतीस, कशी होतीस, हे माइकवर सांगून झालंय. आई-बाबा गेल्यावर लूमच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरून तू भावाची दोन पोरं, मिलिंददादाला आणि मला, वाढवलीस, लग्न केलं नाहीस, सगळं सांगितलं लोकांनी. त्या खडखडाटात उभं आयुष्य गेल्यामुळं तुझा आवाज कायमचा चढा राहिला, घरात नुसतं "मीठ दे" म्हणालीस तरी गल्लीला वाटायचं भांडण लागलंय, हेही कुणीतरी सांगितलं. त्यावर लोक हसले, मीही हसले. मला त्यातलं काही लिहायचं नाही. मला फक्त त्या एका दिवसाबद्दल तुझ्याशी बोलायचं आहे.

मिलिंददादानं आपल्याला कॅनडाला बोलावलं, तेव्हा तू आधी नाहीच म्हणाली होतीस. तो तिकडं ट्रक चालवतो, तर तू म्हणालीस, "ट्रक बघायला एवढ्या लांब कशाला जायचं? दार उघडलं की हितं ट्रकच हाय." मग त्यानं सांगितलं की या वेळी ट्रक नाही, मोटरहोम भाड्यानं घेणार आहे, आत पलंग, शेगडी, फ्रिज, संडास सगळं असतं, आणि ते घेऊन उत्तरेला युकॉन नावाच्या मुलखात जायचं, जिथं दिवसभर गाडी हाकली तरी गाव लागत नाही. तू फोन माझ्याकडून ओढून घेतलास आणि विचारलंस, "मग तिथं रस्ता कुनासाठी केलाय?" दुसऱ्या दिवशी तू पासपोर्टचं काय करायचं ते विचारलंस.

त्या गाडीला तू पहिल्या दिवसापासून घरगाडी म्हणालीस. दादाची बायको ड्युटीमुळं येऊ शकली नाही, तेव्हा आपण तिघंच होतो. तू सगळी कपाटं उघडून बघितलीस, गॅस पेटवून बघितलास, पलंगावर बसून उड्या मारल्यास, आणि म्हणालीस की आपल्या भिवंडीच्या गाड्यांत कापड असतं, कांदे असतात, टीव्ही असतात, माणूस भरायचा तेवढा राहिला होता. दादा हसून हसून स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला. त्याला तू किती वर्षांनी भेटत होतीस. मला तेव्हा थोडी असूया वाटली होती, हेही लिहून टाकते. रोज तुझ्याबरोबर राहणारी मी, आणि तुझे सगळे विनोद त्याच्यासाठी.

तो दिवस चांगला सुरू झाला होता. आपण एका तळ्याकाठी मुक्काम केला होता. तिकडं उन्हाळ्यात रात्र म्हणून होतच नाही, त्यामुळं तू डोळ्यांवर ओढणी बांधून झोपली होतीस. सकाळी उठून तू तळ्याकाठी उभी राहिलीस आणि बुद्धवंदना म्हणायला लागलीस, तुझ्या त्या लूमच्या आवाजात. साडीवर दादाचा जाड कोट, डोक्याला माकडटोपी, पायात माझे जुने बूट. दादा आतून म्हणाला, "आत्या, हळू, लोक झोपलेत." तू वंदना पुरी केलीस, मग चारी बाजूंना बघितलंस आणि विचारलंस, "लोक कुटं हायेत?"

खरंच कुणी नव्हतं. मी त्या सकाळी तुझ्याकडं खिडकीतून बघत होते आणि मला वाटलं, हिला कधीतरी नुसतं बसलेलं बघितलंय का मी? तू एका खडकावर बसलीस आणि काहीही न करता पाण्याकडं बघत राहिलीस. मी चहा केला आणि तुला नेऊन दिला. तू कप घेतलास, पण माझ्याकडं वळली नाहीस. मला ते फार आवडलं होतं.

मग रस्ता. तू दादाच्या शेजारच्या सीटवर, मी मागं टेबलापाशी. दोन्ही बाजूंना तीच बारीक, काळपट हिरवी झाडं, मैलोन् मैल. एके ठिकाणी सगळं जंगल जळून गेलेलं होतं आणि त्या काळ्या बुंध्यांमधून गुलाबी फुलांचा नुसता पूर आला होता. तू दादाला गाडी थांबवायला लावलीस. उतरून बराच वेळ बघत राहिलीस आणि मग म्हणालीस, "एवढी जागा मोकळी, आनि एक गोडावून न्हाय. पूर्ण्यातल्या लोकांना सांगू नको गो, सुजे, उद्या इथं येऊन पत्रे टाकतील." मी भिवंडीजवळ पूर्ण्यालाच एका गोडाऊनच्या ऑफिसात डिस्पॅच बघते, म्हणून तो टोला मला होता. मी म्हणाले, "पत्रे टाकले म्हणून तुझी भाची इथवर आली." तू म्हणालीस, "भाची न्हाय, पोरगी." आणि पुन्हा गाडीत जाऊन बसलीस.

त्याच सकाळी दादानं अस्वलांचे नियम सांगितले होते. खाणं बाहेर ठेवायचं नाही. वासाचं काही बाहेर शिजवायचं नाही. अस्वल दिसलं तर पळायचं नाही, सगळ्यांनी एकत्र उभं राहायचं, मोठा आवाज करायचा. तो गाडी चालवता चालवता सांगत होता. एकतर तुला कमी ऐकू यायचं, त्यात तू काचेला नाक लावून हरणं शोधत होतीस. तू ऐकलं नाहीस. मी ऐकलं होतं, आत्या. एक न एक शब्द.

दुपारी आपण एका नदीपाशी थांबलो. तिथं कचऱ्याची ती लोखंडी पेटी होती, अस्वलाला उघडता येऊ नये म्हणून जिची खीळ आत लपवलेली असते. तू हात घालून घालून थकलीस. "अस्वलाचं जाऊ दे," म्हणालीस, "मलाच येत न्हाय." दादा डबा घेऊन नदीच्या वरच्या अंगाला पाणी आणायला गेला, आणि मी आत भात लावला. तेव्हा तू तुझ्या बॅगेतून ती पिशवी काढलीस.

सुके बोंबील. अंजूरच्या मासळीवाल्या मावशीकडून खास निवडून आणलेले, वर्तमानपत्रात, मग प्लॅस्टिकमध्ये, मग जुन्या ओढणीत गुंडाळलेले. तू ते दादासाठी आणले होतेस. लहानपणी त्याला तव्यावर भाजलेला बोंबील आणि गरम भात असला की दुसरं काही लागायचं नाही, हे तू विमानातसुद्धा मला सांगत होतीस. तू तवा शेगडीवर ठेवलास आणि मी म्हणाले, "आत्या, आत नको. वास बसेल गाडीत. गाडी भाड्याची आहे."

तू म्हणालीस, "मग कुटं भाजू?"

मी म्हणाले, "बाहेर भाज."

बघ, इथंच सुरुवात आहे. लोक फक्त कडीचं बोलतात, पण मी तुला बाहेर पाठवलं ते आधी. दादानं सांगितलेलं मला आठवत होतं, मी विसरले नव्हते. पण मला त्या वासाची लाज अस्वलाच्या भीतीहून मोठी वाटली. तुला मी कधी सांगितलं नाही, ऑफिसात एकदा मी डब्यात बोंबलाची चटणी नेली होती, तर समोरच्या मुलीनं काही न बोलता उठून खिडकी उघडली. तेवढंच. त्या दिवसापासून मी डब्यात बटाटा नेते. तू सकाळी उठून चटणी करून द्यायचीस आणि मी ती वाटेत कुत्र्यांना घालायचे. आणि हे सगळं मी भिवंडीहून तिकडं, जिथं माणूस नाही तिथंही, बरोबर घेऊन गेले होते.

तू गाडीतली छोटी सुटी शेगडी उचललीस, तवा उचललास आणि बाहेर जाऊन एका सपाट दगडापाशी बसलीस. थोड्या वेळानं वास आला. खोटं कशाला बोलू, तोंडाला पाणी सुटलं. मी ताटं घेऊन पायऱ्यांपाशी आले आणि मला ते दिसलं.

झुडपांतून निघून ते तुझ्या पाठीमागं उभं होतं. काळं, म्हशीच्या पारड्याएवढं असेल. पुढं गल्लीत सांगताना तू ते कारखान्याच्या दरवाजाएवढं केलंस, पण तेवढं नव्हतं. नाक वर करून ते हुंगत होतं. तू बोंबील उलटत होतीस. मी ओरडायला हवं होतं. एकत्र उभं राहायचं, मोठा आवाज करायचा, सगळं पाठ होतं मला. माझ्या हातातली ताटं खाली पडली, तेवढाच आवाज मी केला. तू आधी माझ्याकडं बघितलंस, मग मी जिकडं बघत होते तिकडं.

आणि मी आत गेले. दार ओढलं आणि कडी सरकवली.

इथपर्यंतचं मी स्वतःला समजावू शकते. घाबरलेलं माणूस काहीही करतं. पण तू चालत दारापर्यंत आलीस. पळत नाही, चालत, तुझ्या नेहमीच्या चालीनं. बाहेरून हँडल हललं. ते आतल्या हँडललाही हलवतं. आणि मी ते दोन्ही हातांनी धरलं, आत्या. बाहेर तू आहेस हे मला माहीत होतं. छोट्या खिडकीतून तुझी माकडटोपी दिसत होती. हँडल पुन्हा हललं आणि मी आणखी घट्ट धरलं.

तू हाक मारली नाहीस. एवढा मोठा तुझा आवाज, तळ्याकाठी अर्धा मुलूख जागा केलास त्या दिवशी सकाळी, आणि तिथं दारापाशी तू माझं नाव घेतलं नाहीस. "सुजे" म्हणाली असतीस तर मी उघडलं असतं का? मला माहीत नाही. हे न माहीत असणंच मला खातंय.

मग हँडल सुटलं. मी खिडकीतून बघितलं, तू परत फिरली होतीस. शेगडीपाशी जाऊन तू तवा उचललास, गरमच, साडीच्या पदरात धरून, आणि उलथण्यानं बडवायला लागलीस. आणि तोंडानं शिव्या. "हट मेल्या! चल! हट!" नाक्यावरच्या कुत्र्यांना घालतेस त्याच शिव्या. ते अस्वल दोन पायांवर उठलं, बघत राहिलं, मग खाली बसलं. त्यानं पुढं येऊन ओढणीतली पिशवी तोंडात धरली आणि जसं आलं तसं झुडपांत गेलं. पळालंसुद्धा नाही.

मग तू दारावर टकटक केलीस. शेजारीण करते तशी.

"सुजे, उघड. गेलं ते."

मी उघडलं. तुझा तळवा भाजला होता, लाल झाला होता. मी तुझ्याकडं बघू शकले नाही. आणि मी काही म्हणायच्या आत तू म्हणालीस, "कडी अडकली वाटतं."

मी म्हणाले, "हो."

बस, एवढंच. तू मला ते तयार करून हातात दिलंस आणि मी ते घेतलं.

आवाज ऐकून दादा धावत आला. त्याला काय झालं ते तूच सांगितलंस. मी तुझ्या हातावर थंड पाणी ओतत होते. तो माझ्यावर चिडला, तुझ्यावर चिडला, मग दारापाशी जाऊन ती कडी मागं-पुढं करून बघितली. "चांगली तर चालतेय," म्हणाला.

"आता चालते," तू म्हणालीस. "मगाशी अडकली होती."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी भाताकडं बघितलं. तू तेवढ्यावर थांबली नाहीस. गाडी परत देताना तू दादाला त्या काउंटरवर सांगायलाच लावलंस की दाराची कडी खराब आहे, दुसऱ्या कुणाच्या पोरांना त्रास व्हायला नको. त्या बिचाऱ्या मुलीनं ती माझ्यादेखत दहा वेळा उघडून लावून बघितली. मी बाहेर जाऊन उभी राहिले.

त्या दिवसाचा उरलेला रस्ता तू इतकी बोलत होतीस. भात आणि लोणचं खाल्लंस, म्हणालीस बोंबील ज्याचे होते त्याला गेले. दादा म्हणाला, "सुजाला धक्का बसलाय." तू म्हणालीस, "बसंल न्हाय तर काय. पहिलंच अस्वल हाय तिचं." एका वळणावर पाण्यात उभं एक भलंमोठं सांबरासारखं जनावर दिसलं, तू मला हाताला धरून पुढच्या सीटवर बसवलंस, मला नीट दिसावं म्हणून. त्याच भाजलेल्या हातानं. माझ्या आयुष्यात मी एवढं सुंदर काही बघितलं नसेल आणि मला ते बघवत नव्हतं.

भिवंडीला आल्यावर तुझी अस्वलाची गोष्ट गल्लीभर झाली. नसीमआपा तुझी पहिली गिऱ्हाईक. समोरच्या खोलीतली, नवऱ्याबरोबर लूमच्या कामासाठी आजमगढहून आलेली, तुझ्याबरोबर म्हातारी झालेली. ती दारात बसून तांदूळ निवडायची आणि तू सांगायचीस. तू हिंदीत सांगायचीस, मध्येच मराठीत घुसायचीस, अस्वल करून दाखवायचीस, तवा बडवून दाखवायचीस. पोरं हसून लोळायची. आणि प्रत्येक वेळी ते वाक्य यायचं: "और वो कडी मेली अटक गई, बेचारी सुजाता अंदरसे खींच खींचके मर गई!" सगळे माझ्याकडं बघायचे. मी चहाकडं बघायचे.

मला वाटायला लागलं, तू हे मुद्दाम करतेस. तू मला टोचतेस. माफ कर, पण मला तसंच वाटायचं. नाहीतर कुणी तीच गोष्ट पुन्हा पुन्हा, माझ्याच समोर, माझं नाव घेऊन कशाला सांगेल?

मग मी ठाण्याला खोली घेतली. ऑफिसला उलट लांब पडत होतं, तरी घेतली. तुला सांगितलं, मैत्रीण आहे बरोबर, सोयीचं पडतं. दर रविवारी येते म्हणाले आणि पहिल्या महिन्यात आलेही. मग नाही. तुझा फोन आला की मी म्हणायचे, "निघालेय गं, कशेळीला अडकलेय ट्रॅफिकमध्ये, आता परत फिरते, पुढच्या रविवारी येते." ठाणे-भिवंडी वाटेवरचा तो कशेळीचा पूल माझ्या फार कामाला आला. तिथं ट्रॅफिक असतोच, त्यामुळं कुणी शंका घेत नाही. तूही घेतली नाहीस. म्हणायचीस, "बरं, सावकाश."

एकदा मात्र मी ठरवून आले. दुपार होती, तू चहा ठेवला होतास. मी बसले नाही, उभ्यानंच म्हणाले, "आत्या, कडी अडकली नव्हती."

तू गॅस बारीक केलास. म्हणालीस, "तुला काय म्हाईत?"

"मला काय माहीत? मी आत होते!"

"तू आत होतीस. बाहेर मी होते. अडकली ते बाहेरच्याला कळतं."

"आत्या, मी धरली होती."

"घाबरलेल्या मानसाला काय पन वाटतं. गप. चहा घे."

मी चिडले. म्हणाले, तुला कळत कसं नाही, मला हे बोलायचंय, एकदा तरी नीट ऐकून घे. आणि तू माझ्याहून वर आवाज चढवलास, आपा दारात येऊन उभी राहिली एवढा. "काय ऐकू? तू चोर, मी पोलीस? माझ्या घरात मला न्हाय असलं कायबी करायचं!" मग मी ते बोलले. म्हणाले, "मग ती गोष्ट सांगणं बंद कर. मला लाज वाटते तुझी." माझी लाज वाटते, असं म्हणायचं होतं मला. खरंच तसंच म्हणायचं होतं. पण तोंडातून निघालं ते 'तुझी', आणि मी ते दुरुस्त केलं नाही. कप तसाच ठेवून निघून आले.

त्यानंतर तू ती गोष्ट कुणालाही सांगितली नाहीस. पोरं मागं लागायची, आपानं सांगितलं मला, तरी नाही. मला हवं होतं तेच झालं, आणि घरात आले की ते न बोललेलं कानात वाजायचं.

तू गेलीस त्या सकाळी आपाचा फोन आला. छातीत दुखतंय म्हणून तिच्या मुलानं तुला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं होतं. मी तशीच निघाले. आणि कशेळीच्या पुलावर कंटेनर आडवा झाला होता, आत्या. इकडून नाही, तिकडून नाही. आपाचा पुन्हा फोन, "कहाँ पहुँची बेटा?" मी म्हणाले, "कशेळीला अडकलेय." ती म्हणाली, "अच्छा." मी रिक्षातून उतरून गाड्यांमधून पळत सुटले, खरंच पळाले, पण त्या "अच्छा"चं मी काय करू? ती तुझ्या कॉटशेजारी उभी होती. तू ऐकलं असशील का ते? मी पोचले तेव्हा विचारण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

परवा शोकसभेत सगळ्यांचं बोलून झाल्यावर मागून एक पोरगा म्हणाला, "सुजाताताई, अस्वलाची गोष्ट सांगा ना." तुझ्या हारातल्या फोटोसमोर मी उभी राहिले. मनात ठरवलं होतं की आज खरं सांगायचं, सगळ्यांसमोर. दादा व्हिडिओ कॉलवर होता, तोही ऐकेल. मी बोंबलापर्यंत नीट आले, अस्वलापर्यंत आले. आणि मग मी म्हणाले, "कडी अडकली." लोक हसले, डोळे पुसले. मी खाली बसले आणि मला माझी इतकी किळस आली.

सगळे गेल्यावर नसीमआपा मोरीपाशी माझ्याबरोबर भांडी विसळत बसली. मग म्हणाली, "सुजाता, कडी-वडी कुछ नहीं अटकी थी ना."

माझ्या हातातलं पातेलं तसंच राहिलं.

"तेरी फूफी ने कनाडा से आके दूसरे ही दिन मुझे बता दिया था," ती म्हणाली. "बोली, आपा, मैंने हैंडल घुमाया तो उधर से किसी ने पकड़ा. लोहा अटकता है, पकड़ता नहीं. मैंने कहा, तो फिर सबको उलटा काहे बताती हो? उस दिन तुम दोनों लड़े, उसके बाद भी मैंने कहा, मान क्यों नहीं लेती, लड़की का दिल हलका हो जाएगा."

मी विचारलं, "मग काय म्हणाली?"

आपानं नळ बंद केला. "बोली, मैं मानूँगी तो वो माफी माँगेगी. मैं माफ भी कर दूँगी. मगर उसके बाद वो मेरे घर में मेहमान बनके आएगी, आपा. अच्छे से बैठेगी, अच्छे से बोलेगी. मुझे वो नहीं चाहिए. मुझे तो झगड़नेवाली चाहिए."

आपा नमाजाची वेळ झाली म्हणून उठून गेली. मी तिथंच मोरीपाशी बसून राहिले.

तुझा हिशेब चुकला गं, आत्या. तू कबूल केलं नाहीस, मला माफी मागू दिली नाहीस, स्वतःचं हसं करून घेतलंस, आणि मी तरी पाहुणीच झाले. शेवटच्या दीड-दोन वर्षांत मी आले तेव्हा दरवेळी फळं घेऊन आले. सफरचंदं, मोसंबी, एकदा तर किवी. नाक्यावर रिक्षा थांबवून, पिशवीत नीट भरून. आपल्या घरात कधी कुणी घरचं माणूस फळं घेऊन आलंय का? मी चपला दाराबाहेर जोडीनं काढायचे, खुर्चीच्या कडेला बसायचे, तब्येत विचारायचे. तू ती पिशवी माझ्या हातातून घ्यायचीस, क्षणभर तशीच धरून उभी राहायचीस आणि म्हणायचीस, "कशाला आणलंस?"

मला वाटायचं, सगळेच असं म्हणतात.